आपल्या आगरचं मीठ

आबा, आज दुपारी तुमचा मुलगा मिठाचं पोतं घेऊन आला. दारात टेकवलं आणि भिंतीला हात लावून उभा राहिला. पोतं ते केवढं, पूर्वी तुम्ही आणायचात त्याच्या निम्मंही नाही, पण जिना चढून त्याचं तोंड लालबुंद झालेलं, कानशिलावरची शीर बाहेरून दिसत होती. मी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, गोळी घेतलीस का? "आल्या आल्या सुरू झालीस," म्हणाला. "बरा आहे मी, ताई. काही होत नाही मला." अगदी तुमचा आवाज. तेच मान उडवणं. ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात असं काही सणकलं की तो गेल्यावर देवापुढे बसले तरी जपात लक्ष लागेना. माळ ठेवली आणि कागद घेतला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पत्र कुठे पोचायचं नाही हे मला कळतं, एवढी अक्कल मॅट्रिकपर्यंत येतेच. पण त्याच्यावर ओरडून झालं आहे. आता तुमच्यावर ओरडायचं आहे. मुळात राग तुमचाच आहे.

त्याला काय झालंय ते आधी सांगते. तुम्हाला होतं तेच. ब्लडप्रेशर. मागच्या महिन्यात मी ओढत नेलं म्हणून तपासायला आला, तर माझ्या डॉक्टरीणबाईंनी मशीनचा पट्टा सोडून पुन्हा बांधला, दुसऱ्या हातालाही बांधला. मग रक्त-लघवी तपासली. मूत्रपिंडावर ताण दिसायला लागलाय म्हणाल्या. त्याच्यासमोरच मला म्हणाल्या, "वडील कशानं गेले तुमचे?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग ह्यांनी गोळी रोज घेतली नाही तर तुम्हाला पुन्हा तेच बघावं लागेल." आणि हा तुमचा पन्नाशीतला मुलगा खिडकीबाहेर बघत बसला, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल चाललंय.

आबा, तुमचं आगर आता नाही. तुम्ही गेल्यावर थोड्या वर्षांतच त्यात मुरूम पडला. खाजणाच्या जागी प्लॉट आखले, रस्ते झाले, विमानतळाची बोलणी सुरू झाल्यापासून तर तिथे उभं राहिलं तरी खाडी कुठल्या अंगाला होती ते कळत नाही. पण मला डोळे मिटले की सगळं दिसतं. उघाडीची फळी उचलून भरतीचं पाणी आत घ्यायचं, मोठ्या तळ्यात उन्हाखाली तापत ठेवायचं, मग वाफ्यावाफ्यांत सोडायचं. दुपारी त्याच्यावर साय धरावी तशी मिठाची पापडी धरते. तुम्ही लाकडी फळीनं मीठ ओढता, काठावर रास करता, पहिली मूठ गावदेवीला वेगळी काढता. मी परकर खोचून बांधावर उभी आहे. तुम्ही हाक मारता, "बाय, इकरं ये." तळहातावर दोन खडे. एक आपल्या आगरचा, एक बाजूच्या आगरातला. "सांग, आपला कंचा?" मी एक चाखते, दुसरा चाखते, विचार करते, बोट दाखवते. तुम्ही मांडीवर थाप मारून हसता आणि बाजूच्या आगरवाल्याला ओरडून सांगता, "बघितलास कं रे? पोरीच्या जिभंला कलतंय. आपला मीठ गोड हाय!" तो तिकडून ओरडतो, "गोड असंल त चायमधी टाक!" कितीदा खेळलो असू हा खेळ. मी कधी चुकले नाही.

आणि ते दुसरं आठवतं, तुमचं ओरडणं. ओहोटीला बांधावरून चालत जाऊन बांध पोखरणारी खेकड्याची बिळं बघायची, हे काम तुम्ही मला दिलं होतं. एकदा उन्हाचा कंटाळा आला म्हणून मी या टोकालाच उभी राहून नजर टाकली आणि येऊन सांगितलं, बांध धड आहे. तुम्ही माझ्या पायांकडे बघितलंत. पायांना चिखल नव्हता. मारलं नाहीत, पण असे काही बोललात की ते मला अजून पाठ आहे. "धड दिसतंय म्हनून झाला कं? बांध फुटाच्या आदल्या दिशी बी धडच दिसतो. डोल्यानं नाय बघाचा बांध, पाय ठेवून बघाचा. रोज." हे तुमचे शब्द, आबा. माझे नाहीत. ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहेत.

लग्न होऊन मी पनवेलला आले तरी मीठ सुटलं नाही. दर वर्षी पाऊस लागायच्या आत तुम्ही पोतं घेऊन यायचात. एसटी स्टँडपासून खांद्यावर. लेकीच्या घरी वर्षाचं मीठ बापानं पोचवायचं, ही आपल्याकडची रीत, आणि तुम्ही ती अशी पाळलीत की शेजारणींनाही वाटीवाटी मिळायचं. हातात मात्र नाही द्यायचात, मीठ हातोहात देत नाहीत म्हणून वाटी खाली ठेवायची आणि तिनं उचलायची. मी पहिल्यापासून घरखर्च लिहिते हे तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच हसायचात, "मामलेदारीण," म्हणायचात. तेल, साखर, रॉकेल, डाळ, देवाची वात, सगळं लिहिते. मीठ कधी लिहिलं नाही. विकतच घेतलं नाही तर लिहिणार काय! जे फुकट येतं ते किती खपतं हे कोणी बघत नाही. मीही बघितलं नाही. आमटीत मूठ, भातात चिमूट, ताकात, लोणच्यात, वर पानात डाव्या बाजूला वाढलेलं असायचंच.

मग तुमचे पाय सुजायला लागले. द्रुतगती रस्ता नुकताच झाला होता त्या सुमाराला. डोकं मागून धरतं म्हणालात, दोनदा बांधावर चक्कर आली. तुम्हाला इकडे आणलं, डॉक्टरांना दाखवलं. वयस्कर होते ते, बाहेर रांग लागलेली. पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघून भुवया चढवल्या. "मीठ कमी करा," म्हणाले. तुम्ही त्यांच्याकडे असं बघितलंत की जणू त्यांनी तुमच्या आईला शिवी दिली. "कंचा मीठ?" तुम्ही विचारलंत. ते म्हणाले, "कंचा म्हणजे? मीठ ते मीठ." "तसा नाय डॉक्टर. तुमी पाकिटातला खाता, त्यात काय काय मिसलतात. आमचा समिंदराचा हाय, उन्हात पिकलेला. माजी पोर जिभंवर ठेवून सांगंल आपला कंचा न परका कंचा." डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "खरं का हो?" मी मान डोलावली. दुसरं काय करणार? ते हसले, चिठ्ठीवर गोळी लिहिली, "लोणचं, पापड, सुकी मासळी बंद," म्हणाले आणि घंटी वाजवली. पुढचा पेशंट आत आला. संपलं. मीठ कमी का, गोळी कशासाठी, किती दिवस, एका अक्षरानं सांगितलं नाही. आणि मीही विचारलं नाही, मोठ्या माणसाला उलट काय विचारायचं म्हणून. आज त्या खोलीत मला परत जाता आलं असतं ना, तर दार अडवून उभी राहिले असते.

त्यानंतर माझ्या स्वयंपाकघरात जे झालं ते आठवलं की आजही हसू येतं आणि त्याच क्षणी दात-ओठ खावेसे वाटतात. तुमच्यासाठी वेगळ्या पातेलीत आमटी. तुम्ही एक भुरका मारता आणि वाटी खाली ठेवता. "ह्या काय हाय?"

"आमटी."

"आमटी कं भांडी धुतल्याला पानी?"

"आबा, डॉक्टरांनी सांगितलंय."

"त्याला सांग, माज्या आगरावं येऊन उभा रहा दुपारचा. अंगातला घाम चाटून बघ, मंग सांग मना मीठ कमी कर."

यात खोटं काही नव्हतं, आबा. उन्हात राबणाऱ्याच्या अंगातून मीठ जातंच. पण तुम्ही राबत कुठे होतात तेव्हा? फळी ओढायला माणसं होती, तुम्ही छत्री घेऊन बांधावर बसायचात. घाम गेला होता, खायची सवय राहिली होती. हे तेव्हा मला सुचलं असतं तर तोंडावर सांगितलं असतं. मला सुचलं ते भलतंच. म्हटलं, देवाच्या नैवेद्याच्या पानात मी मीठ वाढत नाही, देव काही तक्रार करत नाही. तुम्ही लगेच म्हणालात, "देव नुसता बघतो. जेवाला तुमीच बसता." हे पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होते, ते मोठ्यानं हसले. जिंकलात तुम्ही. आणि उशाखाली कागदात बांधलेली आपल्या आगरच्या मिठाची पुडी होती, ती मला बिछाना झटकताना मिळाली. विचारलं तर म्हणालात, "पाकिटातला बंद केलाय मी. डॉक्टर त्यालाच बोलला." तुमच्या मनात हे खरोखर पक्कं बसलं होतं. बंदी परक्या मिठावर होती, आपल्यावर नव्हती.

तरी माझ्या अळणी आमटीनं म्हणा, गोळीनं म्हणा, सूज उतरली. डोकं दुखायचं थांबलं. तुम्ही गावी गेलात आणि गोळ्या बंद केल्यात. मी गावी आले तेव्हा पाकीट तसंच फळीवर, वर धूळ. "बरा वाटतंय न मना. मंग गोली कशाला? उगाच पैसं डॉक्टरचं भराला." मी तरी काय बोलले? बरं वाटतंय तर चांगलंच आहे, म्हटलं. मलाही तसंच वाटत होतं. ताप उतरला की गोळी बंद करतो, तसं.

त्या वर्षी उधाणाच्या भरतीला तुम्ही उघाडीची फळी उचलायला वाकलात आणि उठला नाहीत. माणसांनी उचलून टेंपोत घातलं. न्हावा शेव्याच्या ट्रेलरांची रांग लागलेली, पनवेलला पोचेपर्यंत तुमचं तोंड एका बाजूला गेलं होतं. मी हाक मारली तेव्हा तुमच्या डाव्या डोळ्यानं माझ्याकडे बघितलं, उजव्यानं नाही. डोक्यातली शीर फुटली, म्हणाले. तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं, ओठ हलत होते. काय सांगायचं होतं ते मला आजही माहीत नाही.

आता माझं ऐका. काही वर्षांपूर्वी मलाही निघालं. डोळे तपासायला गेले होते, तिथे सहज पट्टा बांधला आणि पाठवलं या डॉक्टरीणबाईंकडे. माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. पहिला प्रश्न विचारला, "घरात माणसं किती, महिन्याला मीठ किती लागतं?" आबा, मला कुठल्याही महिन्याचं तेल विचारा, मी सांगेन. मिठाचा आकडाच नव्हता. "मीठ आम्ही विकत घेत नाही. येतं," म्हटलं. "येतं म्हणजे? चालत येतं?" मग माहेरचं आगर सांगितलं; ते बुजलं होतं, तरी पोतं तुमचा मुलगा कुठूनतरी आणत होता. त्या म्हणाल्या, "आणि उपास करता?" मी जरा अभिमानानंच सांगितलं, सोमवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या, आणि उपासाला साधं मीठ शिवतही नाही, फक्त सैंधव. "सैंधव म्हणजे मीठच ना, काकू?" मी म्हटलं, उपासाला चालतं ते. "उपासाला चालतं हो. प्रेशरला चालत नाही." मला रागच आला. वाटलं, शिकलेली पोर, देवाधर्माचं हिला काय कळतंय. घरी येईपर्यंत रिक्षात लक्षात आलं की मी तुमच्याच खुर्चीत बसून तुमचंच वाक्य बोलून आले होते. तुमचं आगरचं मीठ मीठ नव्हतं, माझं उपासाचं मीठ मीठ नव्हतं.

पुढच्या खेपेला मी कागद घेऊन गेले आणि म्हटलं, मला समजेल असं सांगा. आणि आबा, त्या बाईंनी सांगितलं. मीठ पाणी धरून ठेवतं, म्हणाल्या. खाण्यातून मीठ जास्त गेलं की रक्तात पाणी जास्त राहतं. नळ्या तेवढ्याच, पाणी वाढलं, मग ते नळीच्या भिंतीला आतून दाबतं. भिंत रोजचा मार खाऊन जाड होते, कडक होते, वाट आणखी अरुंद होते, दाब आणखी वाढतो. जास्तीचं मीठ आणि पाणी बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं, ती थकली की उलटच चालू होतं. मिठातला जो सोडियम, त्याच्या समोरच्या पारड्यात पोटॅशियम लागतो, तो भाजीपाल्यात, डाळीत, केळ्यात, शहाळ्यात. तो मूत्रपिंडांना सोडियम बाहेर काढायला मदत करतो आणि नळ्यांची भिंत सैल ठेवतो. पानात एक वाढत गेलं आणि दुसरं आटत गेलं की तोल जातो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे सगळं चालू असताना माणसाला बहुतेक वेळा काहीच वाटत नाही. धड असतो तो.

मी त्या खुर्चीत बसून रडले. त्या घाबरल्या, पाणी दिलं, त्यांना वाटलं मी आजाराला भ्यायले. मी रागानं रडत होते. कारण यात तुम्हाला न समजणारं काय होतं, सांगा मला? पावसाळ्यात मिठाची रास झावळ्यांनी झाकली तरी खालून पाझरते, मीठ हवेतलं पाणी ओढतं, हे मला कोणी शिकवलं? तुम्ही. पाट तेवढाच आणि उधाण आलं की बांधावर काय जोर येतो, हे पनवेलच्या कुठल्या डॉक्टरला तुमच्याइतकं ठाऊक होतं? ओहोटीला उघाडी वेळेवर उघडली नाही की आत काय होतं? दर वर्षी चिखल थापून थापून बांध आतल्या अंगाला फुगला की पाट अरुंद होतो, म्हणून तुम्हीच तो खरवडायचात. तुमच्या अंगात तेच आगर होतं, आबा. तीच भरती, तोच बांध, तीच उघाडी. त्या डॉक्टरांनी 'मीठ कमी करा' म्हणायच्या ऐवजी 'बांधावर जोर आलाय' एवढं म्हटलं असतं, तर तुम्ही मधेच उठून स्वतः गोळी मागितली असतीत. त्यांना आगर माहीत नव्हतं, तुम्हाला शरीर माहीत नव्हतं, आणि मधे मी बसले होते, दोन्हीकडे मान डोलावत.

आता तुमच्या मुलाकडे येते. त्यानं तर कमाल केली. डॉक्टरीणबाईंनी मीठ कमी सांगितलं, तर हा मॉलमधून महागडं पाकीट घेऊन आला, कमी सोडियमचं. "बघ ताई, ह्यात प्रश्नच मिटला. आता गोळी नको." तिसरं मीठ! आपल्या घराण्याला मीठ सोडवत नाही, मिठाचं नाव बदलायला सांगा, लगेच तयार. मी ते पाकीट उचलून डॉक्टरीणबाईंना दाखवून आले. त्या म्हणाल्या, ह्यात सोडियम काढून पोटॅशियम घातलाय, कोणाकोणाला ते चांगलंही असतं, पण तुमच्या भावाची मूत्रपिंडं थकायला लागली आहेत, त्यांना पोटॅशियम बाहेर टाकता आला नाही तर हृदयाचे ठोके बिघडतील. ह्यांनी हे विचारल्याशिवाय खायचं नाही. म्हणजे जे एकाला चांगलं तेच दुसऱ्याला वाईट, दोन्ही पारडी बघायला हवीत. त्याला फोन करून सांगितलं तर म्हणतो, "मग खायचं तरी काय माणसानं? हवा?"

आणि आज हे पोतं. दुपारी त्याला जेवायला वाढलं. त्यानं भाजीचा घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी आधीच म्हटलं, भांडी धुतलेलं पाणी नाहीये, भाजी आहे. तो हसला. म्हणाला, "आबा असता तर ताट फेकलं असतं." मी म्हटलं, आबा असते तर आज त्यांना मी सरळ केलं असतं. मग मी त्याला सगळं सांगितलं, बांध, उघाडी, उधाण. त्या खेकड्याच्या बिळांचं सांगितलं, माझ्या कोरड्या पायांचं. डोळ्यानं नाही बघायचा बांध, पाय ठेवून बघायचा, रोज. त्याचा हात थांबला. हीच बोलणी त्यानंही खाल्ली होती तुमच्याकडून, माझ्या मागून. घास परत पानात ठेवला. मग म्हणाला, "पण आबाचं मीठ तसं नव्हतं, ताई. ह्या विकतच्या मिठाचं मला माहीत नाही. आपल्या आगरचं मीठ वेगळंच होतं. तूच ओळखायचीस ना जिभेवर?" आणि उठून पोत्याचं तोंड सोडलं, एक खडा काढून पाटावर माझ्यासमोर ठेवला. "हे उरणच्या अंगाला अजून एक आगर चालू आहे, तिथलं आणतो मी. दर वर्षी तू घेतेस, काही बोलत नाहीस. सांग आज. आबाचं आणि ह्याचं काय वेगळं?"

आबा, मी तो खडा उचलला नाही. म्हटलं, काही वेगळं नाही. मला कधीच ओळखता आलं नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे सगळं खारट लागायचं. आपलंही आणि शेजारचंही. पाणी एकाच खाडीचं होतं."

"मग दर वेळी बरोबर कसं सांगायचीस?"

"आबांच्या तोंडाकडे बघून. आपला खडा जिभेवर ठेवला की त्यांच्या मिशा हलायच्या. हसू दाबायचे ते. मी मीठ चाखतच नव्हते."

तो आधी हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "आख्ख्या गावाला सांगत फिरला तो! डॉक्टरला पण सांगितलं!" मग हसू हळूहळू उतरलं आणि तो पानाकडे बघत राहिला. "म्हणजे साधंच मीठ होतं," म्हणाला. लहान मुलासारखा म्हणाला. पण मी मागे घेतलं नाही. म्हटलं, साधंच. गोळी कुठे आहे? "गाडीत." मग आण. तो उठला, खाली गेला, पाकीट घेऊन आला. निम्मं भरलेलंच होतं, कडा दुमडलेली. माझ्यासमोर उभ्यानं गोळी घेतली आणि रिकामा तांब्या उपडा करून दाखवला. मी म्हटलं, उद्या सकाळी फोन कर घेतल्यावर. "आणि नाही केला तर?" मी येईन आणि तुझ्या बायकोसमोर ओरडेन. "ये. बिनमिठाचं जेवण घालतो," म्हणाला. उद्या तो फोन करील का? देवालाच ठाऊक. मी त्याच्यासाठी उद्याच्या चतुर्थीला देवाला साकडं घातलं आहे, पण देवावर सगळं टाकायचं नाही एवढं आता मला कळलंय. मीही सकाळी फोन करणार आहे.

पोतं परत घेऊन जा म्हटलं, तर नाही नेलं. "माहेरचं मीठ परत पाठवतात का," म्हणाला, आणि गेला. आता करायचं काय त्याचं? सोसायटीत कंपाउंडजवळ एक माड आहे, त्याच्या मुळाशी घालीन. थोडं दृष्ट काढायला ठेवीन. स्वयंपाकाला मी चमचा ठरवला आहे, सबंध दिवसाचं मीठ सकाळीच वाटीत काढते आणि त्यावर कोणाला बोट लावू देत नाही, ह्यांनाही नाही. उपासाला सैंधवही त्याच वाटीतून वजा. देव रागावलेला दिसत नाही.

तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, आबा. लिहून झाला की जाईल असं वाटलं होतं. तुम्ही एवढे हुशार, खाडीचं पाणी नुसत्या वासानं ओळखणारे, आणि पाकिटावर धूळ बसू दिलीत. मला सांगून गेलात, पाय ठेवून बघायचा, आणि स्वतः टोकाला उभे राहून धड आहे म्हणालात. मी तुमच्या मिशांकडे बघून मीठ ओळखायचे हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का, हेही विचारायचं राहिलं. मला वाटतं, कळलं असावं. तुम्ही मुद्दाम हलवायचात.

हा कागद मी घडी करून कपाटात ठेवणार आहे, देवघरात नाही, कारण यात देवाचं काही नाही. फक्त एक सांगते आणि संपवते. तो गेल्यावर तो पाटावरचा खडा तसाच पडला होता. मी दार लावलं, डोळे मिटले आणि जिभेवर ठेवला. खारट लागला. समोर बघायला कोणी नव्हतं, म्हणून सांगता आलं नाही कुणाचा. आजच्या वाटीच्या हिशोबात तो खडा मी धरलेला नाही.